लेव्हिटबाईंच्या आधी आणि नंतर: ताऱ्यांची अंतरं कशी मोजायला लागले

तारा लांब आहे म्हणून मिणमिणतोय की मुळातच मिणमिणता आहे, हे नुसतं बघून कळत नाही, आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते.

पहिला उपाय पॅरॅलॅक्सचा. हात लांब करून अंगठा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटतो ना, तेच ताऱ्यांचं. जानेवारीत बघायचं आणि परत जुलैत, तोवर पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेलेली असते म्हणजे दोन डोळ्यांमधलं अंतर झालं ३० कोटी किलोमीटर! तरी तारा इतका कमी सरकतो की १८३८ साल उजाडावं लागलं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचा पॅरॅलॅक्स, म्हणजे सरकण्याचा कोन, काढला, ०.३१ आर्कसेकंद, म्हणजे एका अंशाचे साडेअकरा हजार तुकडे केले तर त्यातला एक. त्यावरून अंतर आलं १० प्रकाशवर्षं आणि थोडं, आजचा आकडा ११.४ आहे. दुर्बिणीला डोळा लावून काढलेला आकडा आहे हा, मला तर कमाल वाटते.

पण फार लांबच्या ताऱ्यांना हे चालत नाही, कोन मोजण्यापलीकडे बारीक होतो.

इथे हेन्रिएटा लेव्हिट येतात. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या फोटोप्लेटांवरचे तारे तपासायला बायका ठेवलेल्या, त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणायचे, लेव्हिटना तासाला ३० सेंट मिळायचे. त्यांच्याकडे काम होतं रूपविकारी तारे शोधायचं, म्हणजे ज्यांचा उजेड कमीजास्त होतो ते. छोटा मॅगेलनी मेघ म्हणजे ताऱ्यांचा एक लांबचा मोठा घोळका, त्यातले २५ सेफिड तारे, म्हणजे ठरावीक दिवसांनी उजेड कमीजास्त होणारे, त्यांनी घेतले आणि दिसलं की जो जास्त तेजस्वी त्याला उजेड कमीजास्त होण्याचा एक फेरा पुरा करायला जास्त दिवस लागतात. आता यातली खरी गंमत बघा, हे सगळे तारे एकाच मेघात आहेत म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे जो जास्त तेजस्वी दिसतो तो खरंच जास्त तेजस्वी असणार, लांब-जवळचा प्रश्नच मिटला! दिवस मोजा, खरं तेज कळेल, ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघा, अंतर मिळेल. हा शोध ज्यात छापून आला त्या १९१२ च्या पत्रकाखाली सही मात्र वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांची, मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला असं आत लिहिलंय.

पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंगने जवळच्या सेफिडांवरून या मोजपट्टीवर खऱ्या अंतरांचे आकडे बसवले. मग ऑक्टोबर १९२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ हबलला देवयानी दीर्घिकेत (ताऱ्यांच्या प्रचंड समूहात) सेफिड सापडला आणि अंतर निघालं ९ लाख प्रकाशवर्षं, म्हणजे ती आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरची. लेव्हिट १९२१ च्या डिसेंबरमध्येच कॅन्सरने गेल्या होत्या, त्यांना हे बघायला मिळालं नाही याचं फार वाईट वाटतं.

हबलचा आकडाही कमीच होता. सेफिड दोन जातीचे असतात हे खगोलशास्त्रज्ञ बाडेने दाखवल्यावर १९५२ मध्ये अंतरं एकदम दुप्पट झाली, आज देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर धरतात. आकडे बदलले, लेव्हिटबाईंचा नियम तोच राहिला.