४५ वॅटचा आकडा आणि कुलूपबंद व्होल्टेज : गेमिंग लॅपटॉपच्या तापमानाची पार्श्वभूमी

गेमिंग लॅपटॉप ९५ अंशांवर चालतो ही तक्रार जुनी वाटते, पण तिचं आजचं रूप एप्रिल २०१८पासूनचं आहे.

त्याआधीही लॅपटॉप तापत. २००३-०४च्या सुमारास डेस्कटॉपचा पेंटियम ४ तसाच्या तसा बसवलेली जडशीळ यंत्रं विकली जात आणि मांडीवर घेण्याच्या लायकीची ती कधीच नव्हती. पण त्यांना जाडी होती, म्हणजे पंख्याला आणि तांब्याला जागा होती. २०१६मध्ये ग्राफिक्स चिपच्या नावामागचं ‘एम’ (मोबाइल) गेलं आणि जीटीएक्स १०६०, १०७० ही डेस्कटॉपचीच नावं लॅपटॉपवर आली. २०१७मध्ये मॅक्स-क्यू, म्हणजे सडपातळ लॅपटॉपसाठी वीज आवरलेल्या ग्राफिक्स चिपची रचना, आलं आणि जीटीएक्स १०८० सुमारे १८ मिलिमीटरच्या कवचात बसला. प्रोसेसर तोवर चार कोरचा होता. इंटेलच्या आय७-७७००एचक्यूचे चारही कोर राबवले तरी वापर ४५ वॅटच्या आसपास राही, त्यामुळे सडपातळ कवच कसंबसं निभावून नेई.

एप्रिल २०१८मध्ये आय७-८७५०एच आला. कोर सहा झाले, घडण १४ नॅनोमीटरचीच राहिली आणि खोक्यावरचा आकडाही तोच राहिला, ४५ वॅट. हा आकडा खरा होता, पण २.२ गिगाहर्ट्झ या मूळ वेगापुरता. सगळे कोर ३.९ गिगाहर्ट्झवर धावू लागले की मागणी ७५ ते ९० वॅटपर्यंत जाई. प्रोसेसरला दोन मर्यादा असतात. पीएल१ दीर्घकाळाची, पीएल२ थोड्या वेळाची, आणि हा थोडा वेळ मूळ शिफारशीत २८ सेकंदांचा. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी या तिन्ही गोष्टी आपापल्या सोयीने वाढवल्या. म्हणून बेंचमार्कची पहिली फेरी झकास होई आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला वेग उतरे. टीडीपी, म्हणजे खोक्यावरचा हा वॅटचा आकडा, नक्की काय सांगतो, या वादाचं मूळ इथे आहे. बाराव्या पिढीपासून, म्हणजे लॅपटॉपमध्ये २०२२च्या सुरुवातीपासून, मूळ आणि कमाल असे दोन आकडे छापले जाऊ लागले. आय९-१२९००एचकेसाठी ४५ आणि ११५, पुढे आय९-१३९८०एचएक्ससाठी ५५ आणि १५७. हे चार वर्षं आधीच व्हायला हवं होतं.

मधल्या काळात लोकांना तारलं ते अंडरव्होल्टिंगने, म्हणजे चिपचं व्होल्टेज हाताने कमी करण्याने. कारखान्यातून प्रत्येक चिपला थोडं जास्त व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं, जेणेकरून त्या मालातली सगळ्यांत कमकुवत चिपही अडखळू नये. बहुतेक चिपना तेवढ्याची गरज नसते. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलतो. १.१० व्होल्टवरून १.०० व्होल्टवर आलं की त्याच वेगाला सुमारे १७ टक्के वीज कमी लागते. आठव्या-नवव्या पिढीच्या बऱ्याच चिप उणे १०० मिलिव्होल्टच्या आसपास निवांत चालत. पद्धत ठरलेली होती. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये कोर आणि कॅश दोन्हींना तोच आकडा द्यायचा (एकालाच दिला तर परिणाम दिसत नाही), उणे ५०पासून सुरुवात करून १०-१०ने खाली जायचं, प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं ताण द्यायचा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुकांची नोंद येते का ते बघायचं. निळा पडदा आला तर १५-२० मिलिव्होल्ट वर यायचं. खात्री होईपर्यंत ही सेटिंग विंडोजसोबत आपोआप सुरू होऊ द्यायची नाही. फसगत व्हायची ती निकाल वाचताना. आधीच थ्रॉटल होणाऱ्या, म्हणजे उष्णतेमुळे वेग आपोआप उतरवणाऱ्या, यंत्रात अंडरव्होल्टनंतर तापमान ९५च दिसतं आणि वाढतो तो वेग. अनेकांनी मेगाहर्ट्झकडे न बघता ‘काही फरक पडला नाही’ म्हणून सोडून दिलं.

डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली ओढलं की एसजीएक्स या प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येतात आणि त्या चुकांवरून गुप्त किल्ल्या काढता येतात, असं संशोधकांनी दाखवलं. काम अस्सल होतं, त्याबद्दल वाद नाही. वाद उपायाचा. इंटेलने बायोसमधून (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून) व्होल्टेजची वाट बंद करण्याची सोय दिली आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांनी ती सरसकट बंदच केली. विंडोजच्या अपडेटबरोबर नवा बायोस आपोआप उतरला आणि काल ८२ अंशांवर चालणारं यंत्र आज ९४वर गेलं. थ्रॉटलस्टॉपच्या खिडकीत ‘लॉक्ड’ एवढाच शब्द. जुना बायोस परत टाकायची वाटही अनेक मॉडेलमध्ये अडवलेली होती.

प्लंडरव्होल्टच्या हल्ल्यासाठी आधी त्या संगणकावर प्रशासकाचे अधिकार मिळवावे लागतात. ज्याच्या हाती ते पडले, त्याला गेमिंग लॅपटॉपवर व्होल्टेजशी खेळायची गरज उरत नाही. घरगुती संगणकात एसजीएक्सचा ठळक उपयोग होता ४के ब्लू-रे चकती बघण्यासाठी, आणि गेमिंग लॅपटॉपमधून चकतीचा ड्राइव्ह तोवर जवळपास हद्दपार झाला होता. एसजीएक्स वापरत नसाल तर काही करायची गरज नाही, असं संशोधकांनी स्वतःच सांगितलं होतं. दुसरी बाजू एवढीच की सर्व्हरवर अनोळखी यंत्रमालकापासून गुपित जपायचं असतं, तिथे हे कुलूप आवश्यक होतं. मग ‘एसजीएक्स चालू असेल तरच व्होल्टेज बंद’ अशी निवड मालकाच्या हाती ठेवता आली असती. पुढे अकराव्या पिढीपासून ग्राहकांच्या प्रोसेसरमधून एसजीएक्सच काढून टाकलं गेलं, आणि कुलूप बहुतेक लॅपटॉपमध्ये तसंच राहिलं. ज्या तिजोरीसाठी कुलूप लावलं ती गेली, तरी ते का आहे याचं पटणारं उत्तर मिळालेलं नाही. काहींनी बायोसमधली लपलेली ‘ओव्हरक्लॉकिंग लॉक’ची नोंद हाताने बदलली. त्यात पत्ता एका अंकाने चुकला तर बोर्ड सुरूच होत नाही, म्हणून तो मार्ग सुचवता येत नाही. एचएक्स या ताकदवान प्रोसेसरच्या मालिकेच्या काही लॅपटॉपमध्ये मात्र अंडरव्होल्टचा पर्याय बायोसमध्ये अधिकृतपणे परत आला. विकत घेण्याआधी हे तपासावं.

ग्राफिक्सच्या बाजूला असं कुलूप लागलं नाही. आफ्टरबर्नर या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजची वक्ररेषा उघडते. आरटीएक्स ३०६०सारख्या चिपला ८०० मिलिव्होल्टच्या आसपास १७०० मेगाहर्ट्झवर सपाट केलं तरी खेळात फारसा फरक जाणवत नाही. तिथला गोंधळ नावांचा. जानेवारी २०२१पासून मॅक्स-क्यूची पाटी मॉडेलच्या नावातून गेली आणि आरटीएक्स ३०८० या एकाच नावाखाली ८० वॅटची आणि १५० वॅटची चिप विकली जाऊ लागली. ओरड झाल्यावर वॅटचा आकडा सांगणं उत्पादकांना भाग पडलं.

चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये लावायच्या पेस्टबद्दल थोडक्यात. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत पातळ पेस्ट उघड्या चिपवरून कडेला सरकते, आणि काही महिन्यांत एखादा कोर बाकीच्यांपेक्षा १५-२० अंशांनी वर दिसू लागतो. हेच पेस्ट सरकल्याचं लक्षण. लिक्विड मेटल उष्णता उत्तम वाहून नेतं, पण त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं आणि ओघळलेला थेंब बोर्ड जाळतो. पीटीएम७९५०सारखी, ४५ अंशांच्या आसपास मऊ होणारी पट्टी त्यापेक्षा सुरक्षित. ती दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवली की आवरण नीट सुटतं, आणि पूर्ण बसायला तापण्याच्या काही फेऱ्या लागतात. उघडताना बॅटरीचा जोड आधी काढावा, हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमानेच थोडे थोडे आवळावेत. मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे पॅड बदलताना जाडी मोजूनच घ्यावी. १ मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड लावला तर हीटसिंक चिपपासून उचलला जातो, आणि दोष मात्र नव्या पेस्टला दिला जातो.

परीक्षणांतले आकडे २२ ते २५ अंशांच्या खोलीतले असतात. खोली जितकी तापते, जवळपास तितकीच चिप वर सरकते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ३८ अंशांच्या खोलीत तोच लॅपटॉप १३ ते १६ अंशांनी मागे पडलेला असतो. तिथे व्होल्टेज कुलूपबंद असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये कमाल प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के करावी. त्याने टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाणं, बंद होतो आणि प्रोसेसर एकदम थंडावतो. पण मूळ वेग २.२ असलेल्या चिपला हे भारी पडतं. तिथे पीएल१ ३५ ते ४५ वॅटवर बांधून खेळाच्या फ्रेम सेकंदाला ६०वर रोखणं बरं. बहुतेक लॅपटॉपमध्ये उष्णतानळ्या सामाईक असतात, त्यामुळे प्रोसेसरचे कमी केलेले २० वॅट ग्राफिक्सलाही श्वास देतात. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलावी. धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर फुंकरीच्या जोराने ते नको त्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.