पिकोस दे एउरोपामधील पायवाटा

पिकोस दे एउरोपा हा स्पेनच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या कांताब्रियन पर्वतरांगेतील सर्वांत उंच व सर्वांत खडतर डोंगरी प्रदेश असून तो अस्तुरियास, कांताब्रिया आणि कास्तिया-लेओन या तीन स्वायत्त प्रदेशांत विभागलेला आहे. बिस्केच्या उपसागरापासून त्याची मुख्य शिखरे जेमतेम वीस-पंचवीस किमी. अंतरावर आहेत, तरीही त्यांची उंची २,६०० मी.च्या वर जाते. या प्रदेशातील पायवाटांचे जाळे आज गिर्यारोहक आणि पदभ्रमण करणारे पर्यटक यांच्यासाठी प्रसिद्ध असले, तरी त्यातील फारच थोड्या वाटा मुळात त्यांच्यासाठी तयार झाल्या. मेंढपाळ, खाणकामगार, कालव्याची देखभाल करणारे मजूर, धान्य व दारू वाहून नेणारे खेचरवाले आणि यात्रेकरू यांनी त्या आपापल्या गरजेपोटी पाडल्या. कोणती वाट कोठून जाते आणि एखादी वाट मध्येच का संपते, हे या जुन्या व्यवसायांकडे पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

भूरचना : हा प्रदेश प्रामुख्याने कार्बॉनिफेरस कालखंडात, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडकाचा बनलेला आहे. उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांनी खोल निदऱ्या कोरून त्याचे तीन गिरिपिंड केले आहेत. सेया आणि कारेस या नद्यांमधील पश्चिमेचा कोर्निओन, कारेस आणि दुहे यांच्यामधील मध्यवर्ती उर्रिएलेस, तर दुहे आणि देवा यांच्यामधील पूर्वेकडचा आंदारा. सर्वोच्च शिखर तोर्रे दे सेर्रेदो (सुमारे २,६५० मी.) उर्रिएलेसमध्ये आहे, कोर्निओनमधील पेन्या सांता दे कास्तिया २,५९६ मी. उंच आहे. चुनखडकातून पाणी झिरपून जात असल्याने माथ्यावर पाऊस आणि बर्फ भरपूर पडूनही ओढे जवळजवळ नाहीत. पाणी तत्काळ भूगर्भात शिरते आणि तेथे त्याने प्रचंड गुहा तयार केल्या आहेत. तोर्का देल सेर्रो देल कुएवोन ही १,५८९ मी. खोलीची गुहा स्पेनमधील सर्वांत खोल मानली जाते. पृष्ठभागावर हिमनद्यांनी आणि विद्राव्य खडकाच्या झिजेने घडवलेल्या, चारी बाजूंनी बंद अशा खोलगट विवरांना स्थानिक लोक ‘होउ’ म्हणतात. तुटक कड्यांमधून उतरणारी तीव्र उताराची घळ ती ‘कनाल’, आणि उन्हाळ्यात गुरे नेण्याच्या कुरणावरील झोपड्यांची वस्ती ती ‘माहादा’. पायवाटा सहसा कनालमधून चढतात, माहादांना जोडतात आणि होउच्या काठाने वळसे घेत खिंडींपर्यंत पोहोचतात. माहादा बहुधा एखाद्या झऱ्याच्या आश्रयाने वसलेली असल्याने जुन्या वाटा झऱ्यांचा माग काढत जातात. शेवटच्या माहादेच्या वर मात्र पाण्याची खात्री संपते, आणि कडक उन्हात पांढऱ्या खडकावर चालणाऱ्याला दिवसभराचे पाणी पाठीवरच न्यावे लागते.

कारेसची वाट : पोन्सेबोस (अस्तुरियास) आणि काइन (लेओन) या दोन ठिकाणांना जोडणारी, एका बाजूने सुमारे १२ किमी. लांबीची ही वाट सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत गजबजलेली आहे. कोर्निओन आणि उर्रिएलेस यांच्यामधल्या निदरीत कारेस नदी खोल तळाशी वाहते आणि दोन्ही अंगांना शेकडो मीटरांचे कडे सरळ वर चढतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काइनजवळ नदीचे पाणी अडवून ते पोन्सेबोसजवळच्या कामार्मेन्या जलविद्युत् केंद्राकडे नेण्यासाठी कड्यातून कालवा आणि बोगदे खोदण्यात आले. हे काम १९२१ च्या सुमारास पूर्ण झाले. कालव्याच्या देखभालीसाठी कामगारांना वर्षभर ये-जा करता यावी म्हणून १९४५ ते १९५० या काळात सुरुंग लावून कड्याच्या अंगात आजची वाट कोरली गेली. त्यामुळेच पोन्सेबोसच्या बाजूचा सुरुवातीचा दमछाक करणारा चढ सोडला, तर ती जवळजवळ समपातळीवर चालते, आणि कालव्याचे पाणी बराच काळ पावलांच्या बरोबरीने वाहताना दिसते. काइनच्या जवळ वाट दोन पुलांवरून नदी ओलांडते आणि पाणी ठिबकणाऱ्या बोगद्यांमधून गावात उतरते.

वाट साधारण दीड मीटर रुंद असून बहुतेक भागात तिला कठडा नाही. चालणे सोपे असल्याने लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांची संख्या मोठी असते. परंतु वरून सुटणारे दगड हा येथील खरा धोका आहे, आणि पावसात किंवा जोराच्या वाऱ्यात तो वाढतो. वाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते, वर्तुळ पुरे करत नाही. पायी तीन-चार तासांत गाठता येणारे दुसरे टोक मोटारीने गाठायचे तर डोंगरांना वळसा घालून सुमारे शंभर किमी. जावे लागते, म्हणून बहुसंख्य लोक आल्या वाटेनेच परततात. ही वाट होण्यापूर्वी काइनच्या रहिवाशांचे दळणवळण कड्यांवरच्या अरुंद पायऱ्यांवरून चाले. ‘काइनचे लोक मरत नाहीत, कड्यावरून पडतात’ ही त्या भागातील म्हण त्या दिवसांतली आहे. कारेसची वाट पाहून परतलेल्याला एका निदरीचे भव्य दर्शन घडते हे खरे. मात्र पिकोसच्या माथ्यावरील निर्जल, वृक्षहीन, पांढऱ्या खडकांच्या प्रदेशाची तिच्यावरून कल्पना येत नाही.

बुल्नेस आणि उर्रिएयू : पोन्सेबोसहूनच दुसरी वाट कनाल देल तेहू या घळीतून बुल्नेस या गावी चढते. २००१ पर्यंत या गावाला पायवाटेखेरीज दुसरा मार्ग नव्हता. आजारी माणसापासून चुलीवरच्या भांड्यापर्यंत सर्व काही याच वाटेने जात-येत असे. त्या वर्षी डोंगराच्या पोटातून सुमारे सव्वादोन किमी. लांबीची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली. मोटाररस्ता अजूनही नाही, आणि जुनी वाट आता बहुतांशी हौशी चालणाऱ्यांच्या वापरात आहे.

बुल्नेसच्या वर उर्रिएलेसमध्ये नारांहो दे बुल्नेस किंवा स्थानिक नावाने पिकू उर्रिएयू हा २,५१९ मी. उंचीचा सुळका उभा आहे. उंचीने तो या प्रदेशात पहिल्या क्रमांकाचा नसला, तरी त्याच्या पश्चिमेकडील पाचशे मीटरांहून अधिक उंच भिंतीमुळे तो स्पॅनिश प्रस्तरारोहणाचे प्रतीक बनला आहे. ५ ऑगस्ट १९०४ रोजी पेद्रो पिदाल (बियाबिसिओसाचे मार्केस, म्हणजे सरदारी किताबधारी) आणि ‘एल काइनेहो’ या नावाने ओळखला जाणारा काइनचा मेंढपाळ ग्रेगोरियो पेरेस यांनी त्यावर प्रथम चढाई केली. मार्केसचे नाव इतिहासात आधी येते. पण कड्यावर पुढे राहून वाट काढली ती एल काइनेहोने, याची नोंद करणे न्याय्य ठरेल. दोन वर्षांनी जर्मन भूवैज्ञानिक गुस्ताव शुल्त्से याने एकट्याने हा सुळका सर केला. पायथ्याच्या बेगा दे उर्रिएयू या कुरणावर सुमारे १,९५० मी. उंचीवर पर्वतनिवारा आहे. सोत्रेस गावाजवळच्या पांदेबानो खिंडीतून तेरेनोसा माहादेमार्गे तेथे जाणारी वाट ही सुळक्याच्या पायथ्याशी पोहोचण्याची सर्वांत रुळलेली वाट होय. सोत्रेस आणि आसपासची गावे काब्रालेस या निळ्या बुरशीच्या चीजसाठी ओळखली जातात. हे चीज चुनखडकातील नैसर्गिक गुहांमध्ये मुरवतात, आणि अनेक जुन्या वाटा अशा गुहांपर्यंत जाऊन थांबतात.

फुएन्ते दे, आलिबा आणि खाणींच्या वाटा : कांताब्रियाच्या बाजूला लिएबाना खोऱ्याच्या टोकाशी असलेल्या फुएन्ते दे येथून १९६६ साली रज्जुमार्ग सुरू झाला. मधे एकही खांब नसलेला हा मार्ग अवघ्या चार मिनिटांत ७५३ मी. उंची चढतो. त्यामुळे पूर्वी अर्धा दिवस घेणारा चढ टळला आणि सुमारे १,८२० मी. उंचीवरूनच चालण्यास प्रारंभ करणे शक्य झाले. तेथून एक रुंद वाट आलिबाच्या कुरणांतून खाली उतरते. ती रुंद आहे याचे कारण तिच्यावरून खनिजाच्या गाड्या जात असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आलिबा आणि आंदारा येथे जस्ताच्या खाणी चालत, आणि येथील मधाळ रंगाचे पारदर्शक स्फॅलेराइट हे जस्ताचे खनिज खनिजसंग्राहकांमध्ये आजही प्रसिद्ध आहे. एका खाण कंपनीने १९१२ मध्ये तेरावा आल्फोन्सो या राजाच्या शिकारीसाठी आलिबात बांधलेले लाकडी घर अजून उभे आहे. आंदारामध्ये खाणींच्या ढिगाऱ्यांमधून फिरणाऱ्या वाटा जास्त सुन्या आहेत. तेथील सरोवर खाणकामामुळेच आटले.

वरच्या स्थानकावरून दुसरी वाट बुएल्तोना या वळणावरून ओर्कादोस रोहोस खिंडीकडे चढते. वाटेलगत २,३२५ मी. उंचीवर कबान्या बेरोनिका हा चिमुकला निवारा आहे. पालाऊ या अमेरिकी विमानवाहू जहाजाची मोडतोड झाल्यावर त्याच्या तोफेवरील धातूचा घुमट येथे आणून १९६१ मध्ये तो उभारण्यात आला. खिंडीपलीकडची वाट लोखंडी दोराला धरून एका होउमध्ये उतरते व उर्रिएयूकडे जाते. तो टप्पा सामान्य पर्यटकाने टाळावा. रज्जुमार्गामुळे उंची सहज मिळते, पण त्या उंचीवर वावरण्याची सवय त्याबरोबर येत नाही.

कोर्निओन : कोवादोंगाच्या देवस्थानावरून एनोल आणि एर्सिना या सरोवरांपर्यंत डांबरी रस्ता जातो, गर्दीच्या काळात त्यावर खासगी वाहनांना मज्जाव असून कांगास दे ओनीसहून बसगाड्या सोडल्या जातात. सरोवरांभोवतीची वाट तासा-दोन तासांची आहे. तेथून बेगार्रेदोंदा निवाऱ्यावरून ओर्दियालेस येथील कड्यापर्यंत जाणारी वाट दिवसभराची असून, ज्यांना पिकोसमधील एकच वाट चालायची आहे, त्यांनी हिचा विचार अवश्य करावा. कडा आंगोन दरीत सुमारे हजार मीटर तुटलेला आहे, आणि त्याच्या माथ्यावर खडकात पेद्रो पिदाल याची कबर आहे. तो १९४१ मध्ये वारला व त्याच्या इच्छेनुसार १९४९ मध्ये त्याचे अवशेष येथे आणले गेले. स्पेनचा १९१६ चा राष्ट्रीय उद्यानविषयक कायदा त्याच्याच पुढाकाराने झाला, आणि २२ जुलै १९१८ रोजी कोवादोंगा पर्वत राष्ट्रीय उद्यान हे देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. ते प्रारंभी केवळ पश्चिमेच्या गिरिपिंडापुरते होते. १९९५ मध्ये तिन्ही गिरिपिंडांचा समावेश होऊन त्याला पिकोस दे एउरोपा राष्ट्रीय उद्यान हे आजचे नाव मिळाले. २००३ मध्ये यूनेस्कोने या प्रदेशाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

व्यापार व यात्रा यांच्या वाटा : कोर्निओनच्या पश्चिम कडेने ओसेहा दे साहाम्ब्रेहून अमिएबाकडे जाणारी ‘आर्सेदियानोची वाट’ कास्तियाचे पठार आणि अस्तुरियासचा किनारा यांना जोडत असे. सतराव्या शतकात ओसेहाचाच रहिवासी असलेल्या पेद्रो दियास या धर्माधिकाऱ्याने तिच्या दुरुस्तीसाठी पैसा दिला. वाटेचे नाव त्याच्या पदावरून पडले. सेयाच्या निदरीतून गाडीरस्ता झाल्यावर तिचे महत्त्व ओसरले, तरी फरसबंदीचे तुकडे अजून दिसतात. कोवादोंगाहून कोस्गायापर्यंत तिन्ही नद्यांची खोरी पाहत जाणारी ‘रेकोन्किस्ताची वाट’ (रेकोन्किस्ता म्हणजे मुस्लिम सत्तेकडून स्पेन परत जिंकण्याचा ख्रिस्ती राज्यांचा लढा) मात्र आधुनिक आखणी आहे. कोवादोंगाच्या लढाईनंतर माघार घेणारे मुस्लिम सैन्य डोंगर ओलांडून गेले आणि कोस्गायाजवळ दरड कोसळून गाडले गेले, या नवव्या शतकातील बखरीतल्या कथेवर ती बेतलेली आहे. पूर्वेकडे सान बिसेन्ते दे ला बार्केरापासून सांतो तोरिबियोच्या मठापर्यंत सुमारे ७२ किमी.ची लेबानिएगो यात्रावाट जाते. २०१५ मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश झाला. जेव्हा १६ एप्रिल हा संत तोरिबियोचा सण रविवारी येतो, ते वर्ष मठाचे ज्युबिली, म्हणजे विशेष पुण्याचे वर्ष मानले जाते आणि त्या वर्षी वाटेवर गर्दी उसळते.

खुणा, हवामान व नियम : लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरे-तांबडे आणि छोट्या वाटांवर पांढरे-पिवळे पट्टे रंगवलेले असतात, राष्ट्रीय उद्यानातील छोट्या वाटांना ‘पीआर-पीएनपीई’ या अक्षरांनंतर क्रमांक दिलेला असून कारेसच्या वाटेचा क्रमांक ३ आहे. माथ्यावर रंगीत खुणा संपतात आणि ‘हितो’ नावाच्या दगडांच्या लगोऱ्यांवर विसंबावे लागते. समुद्रावरून येणारे धुके काही मिनिटांत भरून येते, आणि होउंच्या प्रदेशात सर्व दिशा सारख्याच दिसू लागतात. दोन लगोऱ्यांमधील अंतर अशा वेळी फार मोठे वाटते. सावलीतल्या कनालमध्ये जूनपर्यंत कडक बर्फ टिकते, म्हणून उंचावरील वाटांसाठी जुलै ते सप्टेंबर हा काळ सोयीचा आहे, तर कारेससारख्या खालच्या वाटा वसंत आणि शरद ऋतूत अधिक सुखद असतात. उद्यानात तंबू ठोकून राहण्यास बंदी आहे, १,६०० मी.च्या वर मात्र सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत उघड्यावर मुक्काम करता येतो. उद्यानाच्या हद्दीत गावे नांदती आहेत आणि उन्हाळी कुरणांवर गाई, शेळ्या व मेंढ्या आजही चरतात. वाटेवरील फाटके त्यांच्यासाठी आहेत. ओलांडल्यावर ती पुन्हा लावून घ्यावी लागतात.