लग्नाची कॅसेट आणि फोर-केचा हट्ट

भाचा आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "मामा, ही डिजिटल करायचीय, फोर-केमध्ये होईल ना?"

मी आधी कॅसेटच्या कडेचं बारीक बटण दाबून पुढची झडप उचलली. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी. बुरशी! कोकणातल्या चार पावसाळ्यांत हे व्हायचंच. अशी कॅसेट 'चालते का बघू' म्हणून व्हीसीआरमध्ये घातली, की बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. कोरड्या जागी ती वाळू द्यायची, साफ करून घ्यायची, मगच लावायची.

आता फोर-के. त्यात आडवे 3840 ठिपके असतात. व्हीएचएसच्या एका ओळीत उजेड-अंधाराचे सुमारे 320 बारकावे मावतात, रंगाचे त्याहून कितीतरी कमी. शालूचा लाल रंग काठाबाहेर ओघळतो तो त्यामुळेच. उरलेले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. पणजीला कोरीव भुवया फुटलेल्या मी पाहिल्यात.

खरी गोम वेळेची आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-सिग्नलच्या पद्धतीत चित्राची एक ओळ 64 मायक्रोसेकंदांची. व्हीसीआरमधला हेड बसवलेला ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेत फीत वाचतो. फीत जराशी ताणलेली असली, की काही ओळी लवकर सुरू होतात, काही उशिरा, आणि मांडवाचे खांब नागमोडी होतात. जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, चित्र संगणकात उतरवणारं कॅप्चर कार्ड घेत नाही. टाइम बेस करेक्टर नावाचं उपकरण प्रत्येक ओळ क्षणभर धरून नेमक्या वेळी सोडतं, पण ते कॅप्चर करतानाच हवं. एकदा वाकडी उतरलेली ओळ मागाहून सरळ करणं फार जिकिरीचं.

हलत्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसले, की नवखा माणूस फीत खराब म्हणतो. तसं नसतं. पालमध्ये सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात, एकाआड एक ओळींची; दोन अर्ध्यांमधल्या वेळात हात हललेला असतो. दाते घालवायला त्यातली निम्मी टाकून दिली, तर अक्षता धक्के खात पडतात. 50 अर्ध्यांची 50 पूर्ण चित्रं करून घ्यावीत. तळाशी नाचणारी पट्टी मात्र ड्रमवरच्या एका हेडकडून दुसऱ्याकडे वाचन जातं त्याची खूण. ती जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची. कापा किंवा झाका, विषय संपला.

पैसे घालायचेच तर चांगल्या व्हीसीआरमध्ये. फुनाई या जपानी कंपनीने 2016च्या जुलैत उत्पादन थांबवलं, तेव्हापासून नवा बनतच नाही. भाचा सध्या जुन्या बाजारात फिरतोय.