हापूस आणि ‘संजीवक’ या शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हापूसच्या बुंध्याभोवती कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल हे झाडाची वाढ रोखणारं रसायन घालतात. बागायतदार त्याला संजीवक, म्हणजे वाढीला जीव देणारं द्रव्य म्हणतात, शिफारशींतही तोच शब्द आहे. माझ्या मते सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

खरं संजीवक म्हणजे जिब्रेलिन, रोपाची उंची वाढवणारं द्रव्य. त्याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. जपानमध्ये भाताची काही रोपं ताडमाड वाढून लोळायची. शेतकरी त्यांना ‘खुळं रोप’ म्हणत. रोग बुरशीचा, पण बुरशी गाळून काढलेल्या द्रवानेही रोपं तशीच उंचावतात, हे 1926 मध्ये दिसलं. पुढे कळलं की हे द्रव्य वनस्पती स्वतःही तयार करतात. द्राक्षबागायतदार त्याला ‘जीए’ म्हणतात. द्राक्षाच्या मण्यात बी हे द्रव्य पुरवून मणी फुगवतं. बिनबियांच्या मण्यात ते बी नसतं, म्हणून जीए बाहेरून द्यावं लागतं. इथे संजीवक हा शब्द शोभतो.

पॅक्लोब्युट्राझॉल मात्र झाडाला काही देत नाही, झाडाचं जिब्रेलिन बनणंच अडवतं. पाऊस सरल्यावर हापूसला पालवी फुटली की मोहोर लांबतो, आणि आंबा वर्षाआड येतो. जिब्रेलिन घटलं की पालवी थांबते, मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. 1966 मध्ये आलेल्या आयआर-8 या बुटक्या भातात हेच काम एका बिघडलेल्या जनुकाने केलं होतं. हरितक्रांतीच्या गव्हाची गोष्ट थोडी वेगळी : त्यात जिब्रेलिन भरपूर असतं, पण रोप त्याला दाद देत नाही. ही जनुकं नेमकी हाती लागली 1999 ते 2002 च्या दरम्यान, म्हणजे वाण शेतात रुळून तीस वर्षं झाल्यावर.

भातातलं बुटकेपण बियाण्यातच असतं, त्याची मात्रा कोणी वाढवू शकत नाही. कल्टारची वाढवता येते. शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिलि, तीही जोमदार झाडालाच, खतपाणी सांभाळून. पण हे द्रव्य मातीत लवकर विरत नाही, मागच्या वर्षीचं शिल्लक असताना नवं पडतं. दोन-चार हंगामांच्या कराराने बाग घेणाऱ्याला लवकरचा आंबा हवा असतो. आखडलेल्या फांद्या आणि गुच्छासारखा मोहोर मालकाच्या वाट्याला येतो. शिफारस चुकीची होती असं मी म्हणणार नाही. नियमित उत्पन्नाची गरज खरीच होती. पण वाढरोधकाला संजीवक म्हटल्यावर ‘थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं’ हा प्रश्न पडणारच.

कायद्याने एक फरक केला आहे. जीए, कल्टार यांसारखी वाढ नियंत्रकं 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, तर समुद्रशेवाळाच्या अर्कासारखी जैव-उत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली. दुकानात मात्र जीए, कल्टार आणि समुद्रशेवाळाचा अर्क एकाच फळीवर असतात, आणि तिन्हींना ‘टॉनिक’ म्हणतात.