सुगीची पुडी उघडण्याआधी

पेगन लोकांच्या सुगीच्या सणासाठी केलेल्या या पुडीत तीन वाळवलेल्या वनस्पती आहेत, गव्हाच्या काडाची एक विणलेली बाहुली आहे आणि हा कागद आहे. कागद आधी वाचा. तिन्हींपैकी एक वनस्पती काहींनी पिऊ नये, एक तर कुणीच पिऊ नये असं आमचं मत आहे, आणि तिसरी नुसती शोभेची.

आम्ही दोघं इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, ग्लास्टनबरीपासून थोड्या अंतरावर, वाळवलेल्या वनस्पतींचं छोटंसं दुकान चालवतो. रेडिंग, स्लाव इकडची मराठी मंडळी स्टोनहेंज बघून पुढे आमच्याकडे येतात. चहा घेतात, डबे उघडून वास घेतात आणि जाता जाता हळूच विचारतात, "हे पेगन म्हणजे काळी जादू वगैरे नाही ना हो?" दर उन्हाळ्यात तेच उत्तर तोंडी देऊन घसा बसला, म्हणून यंदा छापून घेतलं.

तर, काळी जादू नाही. 'पेगानुस' हा लॅटिन शब्द, अर्थ खेड्यातला माणूस. ख्रिस्ती धर्म पसरल्यावर, जुने देव न सोडणाऱ्यांना तो नावं ठेवण्यासाठी वापरला गेला. आता जुने देव आणि सण मानणारे लोक तेच नाव आपणहून लावतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा लिहिला. आमच्याकडे येणाऱ्यांत नर्स आहेत, निवृत्त पोस्टमन आहेत, आणि कसलीच पूजा न करता नुसत्या बागेसाठी येणारेही आहेत.

सण कोणता?

१ ऑगस्ट. नावं दोन, आणि त्यांची मुळंही वेगवेगळी.

आयर्लंडमध्ये याला लूनसा म्हणतात. आयरिश भाषेत अख्ख्या ऑगस्ट महिन्याचंच ते नाव आहे. कथा अशी, की टाल्टू नावाच्या राणीने जंगल तोडून शेतीसाठी माळरान मोकळं केलं आणि त्या कष्टांनी ती गेली. 'लू' या देवाला तिनेच वाढवलं होतं. तिच्या स्मरणार्थ त्याने खेळ आणि जत्रा सुरू केली. मीथ परगण्यातलं टेलटाउन हे त्या जत्रेचं ठिकाण. म्हणजे सुगीचा सण, पण सुरुवात सुतकातून. जमीन पिकते ती कुणाच्या तरी कष्टांवर, हे त्यात सरळ सांगून टाकलंय. आयर्लंडमध्ये जुलैच्या शेवटच्या रविवारी डोंगरावर जाऊन रानातली काळी-निळी बिलबेरी वेचायची पद्धत होती, अजून काही ठिकाणी आहे. त्याच रविवारी मेयो परगण्यात ७६४ मीटर उंचीच्या क्रोग पॅट्रिकवर हजारो भाविक चढतात, काही अनवाणी. यात्रा आता संत पॅट्रिकच्या नावाची आहे, दिवस मात्र सुगीचाच.

इंग्लंडमध्ये नाव लॅमस. जुन्या इंग्रजीत 'ह्लाफ' म्हणजे पाव आणि 'मॅस' म्हणजे चर्चमधली उपासना. नव्या गव्हाचा पहिला पाव चर्चमध्ये न्यायचा दिवस. गोव्याच्या मंडळींना हे समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्टमध्ये तिथे कोणसांचं फेस्त असतं, नव्या भाताची कणसं पाद्री आशीर्वादून देतो. कोकणातल्या एका ताई तर बाहुली हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, हे आपलं दाराला बांधायचं नवं!" बाहुली आणि नवं एकच नाही, पण दोन्हीकडे पहिल्या धान्याला मान आहे.

आता एक खरं सांगतो, कारण इतर दुकानं सांगत नाहीत. वर्षाचे आठ सण गोल चाकासारखे मांडलेलं चित्र तुम्ही पाहिलं असेल. ते चाक फार जुनं नाही. १९५० च्या दशकात आधुनिक पेगन पंथांचे प्रवर्तक जेरल्ड गार्डनर आणि रॉस निकल्स यांच्या भोवतीच्या मंडळींनी निरनिराळ्या प्रदेशांतले जुने सण एकत्र ओवून ते तयार केलं. सप्टेंबरमधल्या सुगीचं 'मेबन' हे नाव तर १९७० च्या दशकात अमेरिकेत एडन केली या पेगन लेखकांनी दिलं. सण जुने, माळ नवी. 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' असं लिहिलेली मेणबत्ती कुणी दुप्पट भावात देत असेल तर मेणबत्तीचेच पैसे द्या.

बाहुली

पूर्वी इथे सुगीत शेतातली शेवटची पेंढी कापायला कुणी धजत नसे. पिकाचा जीव मागे हटत हटत त्या शेवटच्या पेंढीत येऊन बसतो, अशी समजूत होती. कॉर्नवॉलमध्ये ती पेंढी उंच धरून आरोळी देत, आणि तिथल्या काही गावांत ही पद्धत गेल्या शतकात पुन्हा सुरू झाली. त्या काडाची बाहुली विणून हिवाळाभर घरात ठेवायची आणि वसंतात नांगराच्या पहिल्या सरीत पुरायची. जीव परत जमिनीत.

आमची बाहुली 'मॅरिस विजन' नावाच्या उंच गव्हाची आहे. हल्लीचा गहू बुटका, शिवाय कापणीयंत्रातून काड चुरडून निघतं. या जुन्या वाणाची काडी लांब आणि आतून पोकळ असते. भिजवल्याशिवाय तिला हात लावला तर ती कट्कन मोडते. भिजवली की दोरीसारखी वळते. ओंब्या खाली लोंबत्या ठेवल्यात, त्यांतले दाणे खरे आहेत, तेव्हा उंदरांपासून जपा.

मेडोस्वीट (पांढरं पाकीट)

आमची लाडकी. ओढ्याकाठी, ओलसर कुरणात कमरेइतकी वाढते, जून ते सप्टेंबर फुलते. फूल साखरेच्या पाकासारखं गोड आणि किंचित बदामी वासाचं. पण पान चुरगाळा. मुका मार लागल्यावर चोळायच्या मलमाचा वास येतो! तो योगायोग नाही. या वनस्पतीत सॅलिसिलेट गटातली द्रव्यं आहेत. तिचं जुनं शास्त्रीय नाव 'स्पायरिया', आणि १८९९ मध्ये 'ॲस्पिरिन' हे नाव ठेवताना मधला 'स्पिर' तिथूनच घेतला.

वेल्सच्या जुन्या कथांत लूचाच भाऊबंद म्हणावा असा 'ल्लेउ' नावाचा नायक आहे. त्याला मानवजातीतली बायको मिळणार नाही असा आईचाच शाप. मग दोन जादूगारांनी ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट यांच्या फुलांची एक स्त्री घडवली आणि त्याच्याशी लग्न लावून दिलं. पुढे ती दुसऱ्यावरच भाळली. तिला कुणी विचारलं होतं कुठे!

चहासाठी कपभर पाण्याला एक छोटा चमचा फुलं, पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून ओता, झाकण ठेवा, दहा मिनिटांनी गाळा. मध चालतो, दूध नको. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, ॲस्पिरिनने दमा उफाळत असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर पिऊ नका. सोळा वर्षांखालच्या मुलांना अजिबात देऊ नका. हा चहा आहे, औषध नाही. डोकं दुखतंय म्हणून आमच्याकडे येऊ नका.

मगवर्ट (हिरवं पाकीट, पिण्यासाठी नाही)

जोतिबाला वाहतात तो दवणा आठवा. मगवर्ट ही त्याची चुलत बहीण, दोन्ही आर्टेमिसिया कुळातल्या. पान वरून गडद, खालून चांदीसारखं. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या एका हस्तलिखितात नऊ वनस्पतींचा मंत्र आहे. त्यात पहिलं आवाहन मगवर्टला, आणि तेही 'वनस्पतींमधली सर्वांत थोरली' म्हणून. मंत्र वनस्पतीशी थेट बोलतो, तुला आठवतंय का, असं विचारतो. पत्री वाहताना एकेक नाव घेणाऱ्याला हे परकं वाटू नये.

उशीखाली ठेवली की स्वप्नं पडतात असं इथले लोक मानतात. जुडी पेटवून धूरही करतात. फ्लॅटमध्ये करू नका, फायर अलार्म वाजतो आणि शेजाऱ्यांना स्वप्नांचं काही सांगता येत नाही. गरोदर बायकांनी हिच्यापासून लांबच राहावं.

तिसरं पाकीट यॅरो या रानफुलाचं. यॅरो नुसती शोभेला, पावाशेजारी फुलदाणीत.

स्वतः वेचायचं असेल तर

पुडी विकून आमचं पोट चालतं, तरी सांगतो: पुढच्या वर्षी यातली एक तरी वनस्पती स्वतः ओळखून आणा. विकतच्या पाकिटातून ओढा कळत नाही.

ब्रिटनमध्ये रानटी झाडाची फुलं, फळं, पानं स्वतःपुरती तोडणं ही सहसा चोरी धरत नाहीत, पण जागा राखीव नाही ना हे बघा. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटायला मात्र १९८१ च्या कायद्याने बंदी आहे. ओळख पक्की हवी. जिथे मेडोस्वीट तिथेच, त्याच ओल्या चरात, हेमलॉक वॉटर ड्रॉपवर्ट उगवते आणि ती जीव घेते. तिची पांढरी फुलं छत्रीसारखी, एकाच बिंदूतून फुटलेल्या काड्यांवर. मेडोस्वीटचा तुरा साय फेसाळल्यासारखा विस्कटलेला, देठ बहुधा लालसर. शंका आली की हात मागे घ्या.

दंव सुकल्यावर, दुपारच्या आत तोडा. संध्याकाळी झाडाला हात लावू नये, झाडं झोपतात, हे आजीचं वाक्य इथेही लागू आहे, कारण तेव्हा पुन्हा ओल धरते. छोट्या जुड्या बांधून सावलीत, वाऱ्यावर उलट्या टांगा. पान बोटांत चुरचुरलं की डब्यात. पहिल्या वर्षी आम्ही घाई केली, पावसानंतर तोडलेली फुलं दोन दिवसांतच डब्यात भरली. आठवड्याने झाकण उघडलं तर आत पांढरी बुरशी आणि ओल्या गोणपाटाचा वास. सगळा माल खतात गेला.

त्या दिवशी करायचं काय

पाव भाजा. कणकेत थोडं थाईम घाला, वरच्या कणकेच्या वळ्या करून पेंढीचा आकार द्या, कात्रीने टोकं कातरली की ओंब्या दिसतात. जुन्या आयरिश गणतीत दिवस सूर्यास्ताला सुरू होई, म्हणून बरेच जण ३१ जुलैच्या संध्याकाळपासूनच सुरुवात करतात. १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलताना अकरा दिवस गाळले गेले, त्यामुळे जुना लॅमस १२ ऑगस्टच्या आसपास येतो. शेजारचं शेत सोनेरी झालेलं बघून तारीख ठरवलीत तरी कुणी रागावणार नाही. पावाचा एक तुकडा बाहेर झाडाखाली ठेवतात. नैवेद्य म्हणा, पाखरांचा वाटा म्हणा.

पाकिटं कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, वर्षभरात संपवा. बाहुली मात्र फेकू नका. मार्चपर्यंत दुकानात आणून दिलीत तर गव्हाच्या शेतकऱ्याकडे पोचवतो, तो नांगराच्या पहिल्या सरीत टाकतो. लाल रिबीन आधी सोडून घ्या, ती नायलॉनची आहे.