बारा वर्षांचा हिशेब: उल्हासनगर, ठाणे आणि नागरिकत्वाची मुदत

कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं उतरली, तेव्हा नागरिकत्वासाठी वर्षं मोजावी लागत नव्हती. १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र तिथे आजही 'कॅम्प नंबर'नेच सांगतात. राज्यघटनेच्या कलम ६ ने या लोकांसाठी एकच तारीख आखली होती, १९ जुलै १९४८. पाकिस्तानातून येण्यासाठी परवाना त्या दिवसापासून लागू झाला. त्याआधी येऊन इथेच राहिलेला माणूस नागरिक ठरला. फक्त तो स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेलं असायला हवं होतं. नंतर आलेल्यांना किमान सहा महिने राहून, घटना लागू होण्याआधी अर्ज देऊन नोंद करावी लागली.

वर्षांचा हिशेब आला तो १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने. भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणी (कलम ५) आणि इतर परदेशी व्यक्तींना देशीयकरण, म्हणजे ठरावीक वर्षं इथे राहून मिळणारं नागरिकत्व (कायद्याचं कलम ६), अशा दोन वाटा त्याने आखल्या. देशीयकरणासाठी अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्यामागच्या ७ वर्षांत मिळून ४ वर्षं, म्हणजे एकूण ५ वर्षं पुरत. नोंदणीला तर सहाच महिने लागत. आसाम करारानंतर, घुसखोरीची चिंता पुढे करत, १९८६ ची दुरुस्ती झाली. देशीयकरणाची ५ वर्षं १० झाली आणि नोंदणीचे सहा महिने एकदम पाच वर्षं. डिसेंबर २००४ पासून २००३ ची दुरुस्ती लागू झाली आणि आकडे १२ व ७ वर आले. आजचं सूत्र असं: शेवटचे १२ महिने सलग, आणि त्याआधीच्या १४ वर्षांत तुकड्यातुकड्यांनी का होईना, ११ वर्षं.

यात आमच्या मते सर्वांत जाचक ठरतो तो 'वंश' या शब्दाचा अर्थ. नोंदणीच्या वाटेसाठी अर्जदार किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी एकजण अविभाजित भारतात जन्मलेला लागतो. वडील १९४५ चे, सिंधमधल्या सक्करचे, तर सात वर्षं. पण वडील १९५० चे आणि आई १९५३ ची, दोघंही सक्करमध्येच जन्मलेली, तर ही वाट बंद. तेच घराणं, तीच बोली, पण मुक्काम बारा वर्षांचा. पिढी जसजशी पुढे सरकते, तशी लांबची वाट वाट्याला येणारी माणसं वाढत जातात.

मोजणी चुकते ती बहुधा शेवटच्या वर्षात. लग्नकार्यासाठी सिंधला जाऊन ४० दिवस राहिलं, की सलग १२ महिने तुटतात. २०१५ पासून विशेष कारण असेल तर ३० दिवसांपर्यंतची गैरहजेरी माफ होऊ शकते. मात्र तो केंद्राचा अधिकार आहे, अर्जदाराचा हक्क नव्हे. दुसरी अडचण एलटीव्हीची, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसाची. तो संपला आणि नूतनीकरण राहिलं, तर २००३ च्या व्याख्येप्रमाणे माणूस 'अवैध स्थलांतरित' ठरू शकतो. मग देशीयकरण आणि नोंदणी दोन्ही दारं बंद. म्हणून मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी अर्ज टाकावा आणि प्रत्येक पोचपावती जपावी.

देशीयकरणाच्या अर्जाबरोबर दोन भारतीयांची चारित्र्याची प्रतिज्ञापत्रं, वर्तमानपत्रातल्या दोन जाहीर सूचनांची कात्रणं आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीतली, एक भाषा येत असल्याचे दोन दाखले लागतात. सिंधी त्या अनुसूचीत आली १९६७ मध्ये. तोवर मायबोलीच्या जोरावर हा दाखला मिळणं शक्यच नव्हतं.

नियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत अहवालासह अर्ज राज्याकडे आणि राज्याने ३० दिवसांत केंद्राकडे पाठवायचा. डिसेंबर २०१६ मध्ये गृह मंत्रालयाने सात राज्यांतल्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांना थेट नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यात मुंबई, पुणे, नागपूर यांच्यासह ठाणे होतं. नवी मुंबईकरांनी इथे नीट पाहायला हवं: ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, आणि रायगड त्या यादीत नव्हता. बेलापुरातून खारघरला घर हलवलं की अंतर दोन स्टेशनांचंही नाही, पण जिल्हा बदलतो आणि अर्जाचा मार्गही.

२०१९ च्या दुरुस्तीने याच सहा समुदायांसाठी, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांपुरती, ११ ऐवजी ५ वर्षांची अट ठेवली. नियम आले ११ मार्च २०२४ रोजी. हे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जात नाहीत. त्यांची कागदपत्रं टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती तपासते आणि निर्णय राज्यस्तरीय समिती घेते. तिथे एलटीव्ही खंडित झाल्याचा मुद्दा आड येत नाही, पण भारतात प्रवेश कधी केला हे कागदाने दाखवावंच लागतं.