पन्नास अधिक एक नियम

पन्नास अधिक एक नियम : जर्मनीतील व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या मालकीसंबंधीचा नियम. क्लबाने आपला व्यावसायिक संघ कंपनी करून वेगळा काढला, तरी त्या कंपनीतील निम्मी मते आणि वर आणखी एक मत मातृसंस्थेकडे, पर्यायाने तिच्या सभासदांकडे, राहिले पाहिजे, असे हा नियम सांगतो. नियम मतांचा आहे, पैशाचा नाही. गुंतवणूकदाराला भांडवलाचा मोठा वाटा घेता येतो. क्लबावरचे अंतिम नियंत्रण मात्र विकत मिळत नाही.

बुंडेसलीगा ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९६३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यातले क्लब नोंदणीकृत, ना-नफा संस्था होते. सभासद वार्षिक वर्गणी भरत आणि सर्वसाधारण सभेत पदाधिकारी निवडत. १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूंना हस्तांतरण शुल्काविना क्लब बदलता येऊ लागला आणि पगार भडकले. अखेर १९९८ मध्ये जर्मन फुटबॉल महासंघाने कंपनी काढायला परवानगी दिली आणि त्याच वेळी हा लगामही घातला.

बायर्न म्युनिकमध्ये ७५ टक्के मालकी संस्थेची आहे. उरलेला वाटा आदिदास, आउडी व अलियान्झ यांच्यात सारखा विभागला आहे. बोरुसिया डॉर्टमुंडची रचना याहून चतुर. हा क्लब २००० पासून शेअर बाजारात आहे आणि भांडवलात मातृसंस्थेचा हिस्सा अगदी थोडा आहे. पण कारभार पाहणारी भागीदार कंपनी पूर्णपणे तिच्या मालकीची असल्याने सूत्रे तिच्याच हाती राहतात. नियमाने उधळपट्टी मात्र थांबत नाही. २००५ मध्ये हाच डॉर्टमुंड दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. आजही संस्थाच असलेला शाल्के कर्जाच्या ओझ्यासह २०२१ मध्ये दुसऱ्या विभागात घसरला.

नियमाचा खरा कस अपवादांत लागतो. बायर कंपनीच्या कामगारांनी १९०४ मध्ये स्थापलेला लेव्हरकुझेन आणि फोक्सवागनचा वोल्फ्सबुर्ग यांना दीर्घकाळच्या पाठबळामुळे सूट मिळाली. हॉफेनहाइममध्ये उद्योगपती डिटमार हॉप यांनाही २०१५ मध्ये तीच सवलत मिळाली. २०२३ मध्ये त्यांनी बहुमताचा हक्क आपणहून संस्थेला परत दिला. लाइपझिगचा मार्ग वेगळा. तेथे २००९ मध्ये रेड बुलच्या पैशावर क्लब उभा राहिला. क्लबाच्या नावात कंपनीचे नाव चालत नाही, म्हणून ‘रासेनबालश्पोर्ट’ (हिरवळीवरचा चेंडूखेळ) असा शब्द घडवून रेड बुलची ‘आर.बी.’ ही आद्याक्षरे साधली गेली आणि मताधिकार असलेले सभासद जेमतेम वीसेक ठेवले गेले. अक्षरशः पाहिले तर नियम पाळला गेला. इतर क्लबांच्या चाहत्यांचा लाइपझिगवरचा राग याच चलाखीवर आहे.

धनाढ्य मालक मिळत नाही, तेव्हा खेळाडू घडवणे ही गरज होते. पण जर्मनीतल्या युवा प्रशिक्षणाचे सगळे श्रेय या नियमाला देणे चूक ठरेल. त्याची ठिणगी २००० च्या युरो स्पर्धेत पडली : तीन सामने, एक गोल, एक गुण, गटात शेवटचा क्रमांक. त्यानंतर बुंडेसलीगाच्या परवान्यासाठी युवा प्रशिक्षण केंद्र सक्तीचे झाले आणि महासंघाने देशभर शेकडो प्रशिक्षण-तळ उभारले. २००२ मध्ये दूरचित्रवाणी हक्क घेणारा किर्श समूह कोसळला. क्लबांची तिजोरी आटली आणि महागड्या परदेशी खेळाडूंऐवजी घरच्या पोरांना मैदानावर उतरवावे लागले. २००९ मध्ये २१ वर्षांखालील युरोपीय विजेतेपद मिळवणाऱ्या संघातले नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, ओझील २०१४ मध्ये विश्वविजेते झाले.

फ्रायबुर्गची फुटबॉल शाळा २००१ मध्ये सुरू झाली. क्लबाच्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवणारे क्रिस्टियान श्ट्राइश पुढे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२४ पर्यंत त्या पदावर राहिले. शाल्केच्या ‘क्नापेनश्मीड’मधून, म्हणजे खाणकामगारांच्या भट्टीतून, नॉयर, ड्राक्सलर, झाने बाहेर पडले. डॉर्टमुंडची ख्याती थोडी निराळी : घडवण्याइतकीच हेरण्याची. ज्यूड बेलिंगहॅम २०२० मध्ये १७ व्या वर्षी बर्मिंगहॅमहून तेथे आला आणि २०२३ मध्ये दहा कोटींहून अधिक युरोंना रेआल माद्रिदला गेला. याला विकास म्हणायचे की व्यापार, यावर चाहत्यांतही एकमत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या प्रसारण व्यवसायाचा काही हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचा प्रस्ताव वरच्या दोन विभागांतल्या क्लबांच्या ३६ पैकी २४ मतांनी, म्हणजे नेमक्या दोन-तृतीयांशाने, संमत झाला. हॅनोव्हर क्लबाच्या मातृसंस्थेने विरोधात मत देण्याचा आदेश दिला होता. क्लबाचे प्रतिनिधी मार्टिन किंड यांनी मात्र आपण कोणत्या बाजूला मत दिले ते उघड केले नाही. मतदान गुप्त होते. पुढचे आठवडे प्रेक्षक मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकत राहिले, सामने पुनःपुन्हा थांबले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने प्रस्ताव गुंडाळला.